जीवशास्त्रज्ञ व्हायचे आहे? विद्यार्थी आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे मला ओळखीच्या आणि अनोळखी अशा अनेक घरांतून फोन येतात. मुलाला किंवा मुलीला जीवशास्त्राची आवड आहे, डॉक्टर व्हायचे नाही किंवा होता आले नाही, तर पुढे काय, असा त्यांचा सूर असतो. दरवर्षी तेच प्रश्न थोड्याफार फरकाने येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवली आहेत. प्रवेशपरीक्षांचे नियम आणि तारखा बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी.

जीवशास्त्रज्ञ नेमके कोणाला म्हणायचे?

सजीवांविषयी प्रश्न विचारणाऱ्या आणि त्याचे उत्तर इतरांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने शोधणाऱ्या माणसाला जीवशास्त्रज्ञ म्हणावे, असे मी मानते. मात्र या एका शब्दाखाली इतकी वेगवेगळ्या स्वरूपाची कामे येतात की एखादे उदाहरण घेतल्याशिवाय त्याचा आवाका लक्षात येत नाही.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, शास्त्रज्ञांनी या तापाचा विषाणू शोधून काढला आणि तो गोचिडीमार्फत पसरतो हेही दाखवून दिले. हाच माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात आला. काजूच्या हंगामात बागेत वाकून बोंडू वेचणाऱ्या माणसांना तो होतो, कारण त्याच कोरड्या महिन्यांत गोचिडीची पिल्ले पाचोळ्यात सर्वाधिक संख्येने असतात.

आता या एका आजारामागे किती प्रकारचे जीवशास्त्रज्ञ काम करतात ते पाहा. एक जण सुरक्षित प्रयोगशाळेत विषाणू वाढवून त्याच्या जनुकांची रचना वाचतो. दुसरी जंगलात जाऊन पांढरे फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून सावकाश ओढत नेते, थोड्या थोड्या अंतरावर ते उलटून पाहते आणि खसखशीएवढ्या बारीक गोचिडी चिमट्याने उचलून कुपीत भरते. तिसरा त्या गोचिडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांची जात ओळखतो. जात ओळखण्यात चूक झाली तर पुढचा सारा अभ्यास वाया जातो, आणि हे काम नीट करू शकणारी माणसे देशात फार थोडी आहेत. चौथी वानरांच्या आणि केलड्यांच्या, म्हणजे लाल तोंडाच्या माकडांच्या, टोळ्या कोठून कोठे फिरतात याचा मागोवा घेते. पाचवा, जंगल तुटून त्या जागी बागा झाल्यावर गोचिडी, माकडे आणि माणसे यांचा संबंध कसा बदलतो याचे गणित मांडतो. हे पाचही जण जीवशास्त्रज्ञ आहेत. त्यांची शिक्षणे, हत्यारे, दिनक्रम आणि स्वभावही भिन्न असतात, त्यामुळे ‘जीवशास्त्रज्ञ व्हायचे आहे’ एवढे सांगितल्याने मला फारसे कळत नाही. यांपैकी कोणाच्या जागी स्वतःला पाहता, ते सांगितले तर बोलणे पुढे जाते.

पदवीशिवाय जीवशास्त्रज्ञ होता येते का?

या प्रश्नाबरोबर सालिम अलींचे नाव हमखास घेतले जाते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती हे खरे, आणि तरीही भारतीय पक्षिशास्त्राचा पाया त्यांनी घातला हेही खरे. परंतु पदवी नसल्यामुळेच त्यांना भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतली पक्षिशास्त्रज्ञाची जागा मिळाली नाही, ही गोष्ट सांगणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांना निसर्गविभागात व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली, तीही टिकली नाही, आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी ठिकठिकाणच्या संस्थानांची पक्षी-सर्वेक्षणे करीत, खर्चापुरत्या पैशांवर काढली.

आज पदवीविना उत्तम निरीक्षक होता येते, नवे शोधही लावता येतात, आणि महाराष्ट्रात अशी माणसे आहेत. मात्र संशोधक म्हणून पगारी जागा, प्रकल्पाचा निधी किंवा स्वतःची प्रयोगशाळा हवी असेल तर पदव्युत्तर शिक्षण आणि बहुतेक ठिकाणी पीएचडी लागतेच.

नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून जीवशास्त्राकडे वळावे का?

वळण्यात कमीपणा काहीच नाही, पण ‘मेडिकल नाही तर निदान हे’ एवढ्याच भावनेने वळलेली मुले दुसऱ्या वर्षापर्यंत कंटाळतात, असा माझा अनुभव आहे. वैद्यकशास्त्राला समोरचा रुग्ण बरा करायचा असतो. जीवशास्त्राला त्या रुग्णाच्या शरीरात जे घडले ते तसे का घडले हे जाणायचे असते. दोन्ही वृत्ती एकाच माणसात असू शकतात, पण रोजचे काम मात्र वेगळे पडते.

मुंबईतले एक प्रकरण मी या संदर्भात नेहमी सांगते. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त असलेल्या व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली, की ज्यात ए नव्हते, बी नव्हते, आणि जे ओ गटाच्या रक्ताशीही जुळत नव्हते. रुग्णाला न जुळणारे रक्त द्यायचे नाही, एवढी खबरदारी घेतली की उपचारापुरता विषय संपतो. परंतु ओ गटाच्या माणसांच्या तांबड्या पेशींवरही ‘एच’ नावाचा एक पदार्थ असतो, ए आणि बी हे त्याच्यावरच रचले जातात, आणि या व्यक्तींमध्ये तो पायाच बनत नाही, हे कळण्यासाठी ‘का’ हा प्रश्न धरून बसावे लागले. या रक्तगटाला आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. हे वाचताना तुमचे मन रुग्णाकडे ओढले गेले की त्या न बनणाऱ्या पायाकडे, याचा प्रामाणिक विचार करावा.

गणित सोडले तर चालेल का?

अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो देणाऱ्यांना आजचे जीवशास्त्र ठाऊक नसते असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते. शक्य असेल तर चारही विषय घ्यावेत. ज्यांनी गणित सोडलेले आहे त्यांनी घाबरू नये, परंतु पदवीच्या काळात संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग, म्हणजे आर किंवा पायथन, शिकून घ्यावे. जनुकांची रचना वाचणारे यंत्र एका दिवसात इतकी माहिती ओतते की ती नुसत्या डोळ्यांनी पाहणे अशक्य असते, आणि रानात दोन वर्षे फिरून केलेल्या नोंदींचा अर्थही संख्याशास्त्राशिवाय लावता येत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. गोव्यात जन्मलेला हा गणिती फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असे, आणि गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर काढण्याचे जे सूत्र त्याने १९४४ मध्ये मांडले, ते ‘कोसंबी सूत्र’ म्हणून आजही जनुकीय नकाशे तयार करताना वापरले जाते. भाताच्या किंवा गव्हाच्या वाणांवर काम करणारे संशोधक संगणकावर हा पर्याय निवडतात, तेव्हा अनेकांना ते नाव कोणाचे आहे याची कल्पनाही नसते.

पदवीसाठी कोठे प्रवेश घ्यावा?

पुण्याची आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, २००६ मध्ये सुरू झाली आणि तेथे पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो, ज्यात पहिल्या दिवसापासून संशोधनाचे वातावरण मिळते. प्रवेशासाठी आयसरची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते. मुंबईतल्या मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात आणि भुवनेश्वरच्या नायसर या राष्ट्रीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत नेस्ट या सामायिक प्रवेशपरीक्षेतून प्रवेश मिळतो. या जागा मोजक्या असतात, आणि त्या न मिळाल्यास वाट बंद झाली असे मुळीच नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवरसायनशास्त्र घेऊन साध्या महाविद्यालयातून बीएस्सी झालेली माणसे आज देशातल्या उत्तम प्रयोगशाळा चालवीत आहेत.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात: तेथे हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) किंवा इतर नमुन्यांचा संग्रह सांभाळलेला आहे का, प्रात्यक्षिके खरोखर होतात का, आणि एखादा तरी शिक्षक मुलांना घेऊन रानात किंवा किनाऱ्यावर जातो का. प्रात्यक्षिकांची वही, म्हणजे जर्नल, आधीच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवून घेण्याची पद्धत ज्या ठिकाणी रुळली आहे, तेथे तीन वर्षांत हाताला काही लागत नाही. बायोटेक्नॉलॉजी या नावाला भुलू नये. पदवीच्या पातळीवर त्याऐवजी मूळ विषय पक्का केलेला बरा.

कृषी आणि मत्स्यविज्ञान हे मार्ग शहरातल्या पालकांच्या यादीत सहसा नसतात. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांतून किंवा रत्नागिरीच्या शिरगावातल्या मत्स्य महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलांना नोकरीची वाट तुलनेने लवकर सापडते, आणि त्यांचे काम शेतकऱ्याच्या किंवा मच्छीमाराच्या रोजच्या अडचणीशी थेट जोडलेले असते.

एमएस्सीनंतर पीएचडीचा मार्ग कसा असतो? त्या काळात पैसे मिळतात का?

बहुतेक विद्यार्थी सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा देतात. त्यात कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता निराळा. याखेरीज जैवतंत्रज्ञान विभागाची आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची छात्रवृत्ती आहे, गेट परीक्षेतून काही संस्था प्रवेश देतात, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची व तिच्या बंगळूरच्या केंद्राची वेगळी प्रवेशपरीक्षा असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे दिली जातात. जीवशास्त्रात तीन वर्षांत काम संपल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. पाच-साडेपाच वर्षे धरून चालावे. छात्रवृत्तीचे पैसे कधी कधी महिनोन् महिने रखडतात. माझ्या स्वतःच्या पीएचडीच्या काळात एकदा सात महिने खात्यात काहीच जमा झाले नव्हते आणि खानावळीच्या काकूंनी वहीत मांडून ठेवून मला जेवू घातले होते. ज्यांच्या घरी दुसरा आधार नाही अशा मुलांनी पहिल्या वर्षापासून थोडी रक्कम बाजूला ठेवावी, असे मी कळकळीने सांगते.

पीएचडीचा गाइड (मार्गदर्शक) कसा निवडावा?

संस्थेचे नाव पाहून निवडू नये. त्या प्रयोगशाळेतून गेल्या आठ-दहा वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोठे आहेत ते शोधावे, त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी बोलावे, आणि ‘पुन्हा संधी मिळाली तर याच गाइडकडे याल का’ असे सरळ विचारावे. उत्तरापूर्वी जी क्षणभर शांतता पसरते किंवा पसरत नाही, त्यावरून पुष्कळ कळते. पेपरवर, म्हणजे प्रसिद्ध शोधनिबंधावर, विद्यार्थ्याचे नाव प्रथम असते की नाही, अर्धवट सोडून गेलेल्यांची संख्या किती आणि गाइडची निवृत्ती किती वर्षांवर आहे, हेही पाहावे. शेवटचा मुद्दा बोलायला अवघड वाटतो, पण त्यामुळे अडकलेली मुले मी पाहिली आहेत.

रोजचे काम कसे असते?

प्रयोगशाळेतला दिवस बाहेरून पाहणाऱ्याला अत्यंत नीरस वाटेल. सकाळी येऊन पेशींच्या थाळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, त्यांत बुरशी शिरली नाही ना याची खात्री करायची, पेशी ज्यात वाढतात ते माध्यम बदलायचे, भांडी वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावायचा, बर्फात नमुने ठेवून पिपेटने दोन-दोन मायक्रोलिटर द्रव शंभर नळ्यांमध्ये घालायचा, आणि चौतिसाव्या नळीत घातला की पस्तिसाव्या याविषयी शंका आली तर सगळे पुन्हा करायचे. दुपारी डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर यंत्र चालू केले की संध्याकाळी जेल लावून अतिनील प्रकाशात डीएनएची पट्टी दिसते का ते पाहायचे. पुष्कळदा दिसत नाही. का दिसली नाही याची दहा कारणे असतात, आणि ती एकेक करून वगळण्यात आठवडे जातात. एका पावसाळ्यात रात्री वीज जाऊन आमचा उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर बंद पडला, जनित्र सुरू करणे कोणाच्याच ध्यानात आले नाही, आणि दोन वर्षे जमवलेले नमुने सकाळपर्यंत पाण्यात तरंगत होते. त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीने एकेक कुपी पुसून तिच्यावरचा क्रमांक वहीत खोडला आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पहिल्या नमुन्यापासून सुरुवात केली.

रानातल्या कामाचे चित्र लोकांच्या मनात फार रम्य असते. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जुलैच्या रात्री बेडकांची गणती करताना अंगावरचा रेनकोट असून नसल्यासारखा असतो, जांभा शेवाळाने निसरडा झालेला असतो आणि कानाभोवती डासांचे मोहोळ असते. ठरलेल्या रेषेवरून ठरलेल्या वेगाने चालायचे, दर पन्नास मीटरवर थांबायचे, दहा मिनिटे ऐकायचे, प्रत्येक आवाज लिहायचा, पाण्याचे तापमान घ्यायचे आणि पुढे निघायचे. बेडूक दिसला नाही तर शून्य लिहायचे. नव्या मुलांना शून्य लिहिणे जिवावर येते, त्यांना आपले काम फुकट गेले असे वाटते. पण पाच वर्षांनी त्याच सड्यावर खाण सुरू झाली की आधी कोठे काय होते आणि कोठे काय नव्हते, याचा एकमेव पुरावा म्हणजे ती वही असते.

नोंदवहीला इतके महत्त्व का दिले जाते?

रानपिंगळ्याच्या कथेइतके चांगले उत्तर मला माहीत नाही. हे छोटे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला माहीत झाले, खानदेशात व मध्य भारतात त्याचे काही नमुने मिळाले, आणि १८८४ नंतर ते कोणालाच दिसले नाही. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांतल्या एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती आणि तो १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळाल्याचे तीवर लिहिले होते. साहजिकच हा पक्षी शोधू पाहणाऱ्यांचे लक्ष त्या भागाकडे जाई.

पामेला रासमुसेन या संशोधिकेने तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेला, संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे उघड झाले. खोटी नोंद बाजूला काढल्यावर उरलेल्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे शोधाला धरली गेली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात, ११३ वर्षांनी, रासमुसेन आणि त्यांच्या दोन सोबत्यांना भर सकाळी झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. त्यानंतर तो मेळघाटात आणि पुढे तानसाच्या जंगलातही सापडला.

एका माणसाच्या खोट्या चिठ्ठीने अभ्यासकांची कित्येक दशके दिशाभूल केली, आणि एकोणिसाव्या शतकात खानदेशात कोणीतरी प्रामाणिकपणे लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी पक्षी परत मिळवून दिला. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिले सहा महिने फक्त नोंदी शिकवते: तारीख, वेळ, ठिकाण, हवामान, काय पाहिले, कोणी पाहिले, काय पाहिले नाही. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला दुरुस्ती लिहायची, खाडाखोड किंवा पान फाडणे चालत नाही. नको असलेला आकडा वगळण्याचा मोह प्रत्येकाला कधी ना कधी होतो, मलाही झाला आहे. त्या वेळी तो आकडा वहीत राहू देणे हीच या पेशाची मूळ अट आहे, आणि ती मोडणाऱ्याला कितीही बुद्धी असली तरी मी जीवशास्त्रज्ञ मानीत नाही.

मराठी माध्यमातून शिकलेल्यांना अडचण येते का?

पहिले वर्ष जड जाते, हे मान्य केलेच पाहिजे. पेपर, प्रबंध आणि मुलाखती इंग्रजीत असतात, आणि भाषेमुळे हुशार मुले वर्गात गप्प बसतात. रोज एका पेपरचा सारांश अर्धे पान इंग्रजीत लिहिण्याची सवय वर्षभर पाळली तर ही अडचण बरीचशी दूर होते.

दुसरी बाजू अशी, की रानात काम करताना मराठी, आणि तीही गावाकडची मराठी, हे मोठेच साधन ठरते. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तो गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय होणे शक्य नव्हते. खेकड्यांच्या पावसाळी हालचाली एखाद्या कातकरी आजींना जितक्या ठाऊक असतात तितक्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाहीत. त्यांच्याशी नीट बोलता येणे, त्यांनी सांगितलेली नावे जशीच्या तशी टिपणे आणि पेपरमध्ये त्यांचा ऋणनिर्देश करणे, हे मराठी मुलांना अधिक सहज जमायला हवे.

मुलींसाठी हे क्षेत्र कसे आहे?

१९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा त्या स्त्री आहेत या कारणावरून संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर परीक्षाधीन ठेवण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. पुढे त्यांनी केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींतल्या ‘सायटोक्रोम सी’ या श्वसनाशी निगडित प्रथिनावर काम करून १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता. कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या, तेथे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केले आणि पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या.

आज एमएस्सीच्या वर्गांत मुलींची संख्या मुलांहून अधिक असते. अडचण त्याच्या पुढे सुरू होते. पीएचडी संपण्याचे वय आणि घरच्यांनी लग्नाचा आग्रह धरण्याचे वय एकच असते, रात्रीच्या फील्डवर्कला घरून परवानगी मिळत नाही, आणि संशोधन केंद्रांच्या रानातल्या तळांवर साधे स्वच्छतागृहही नसते. नियमानुसार पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूतिरजा आणि दोन वर्षांची जादा मुदत मिळू शकते. हे माहीत नसल्यामुळे मुलींनी नोंदणी रद्द केल्याची उदाहरणे माझ्या परिचयात आहेत. ती रद्द करण्यापूर्वी नियम वाचावेत, आणि मागायला संकोच करू नये.

प्राणी मारावे लागतात का?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतली विच्छेदने थांबवण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे पदवीसाठी बेडूक कापावा लागेल ही भीती आता बाळगू नये. संशोधनात मात्र काही शाखांमध्ये उंदीर वापरले जातात आणि त्यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी वनस्पती, सूक्ष्मजीव, पेशीसंवर्धन, संगणकीय जीवशास्त्र किंवा वर्तन-निरीक्षण यांपैकी काही निवडावे. अशी निवड करण्यात कोणताही दुबळेपणा नाही.

रानातून नमुने आणायला परवानगी लागते का?

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात संशोधनासाठी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतल्या प्राण्यांना हात लावायचा असेल तर ती बाहेरही लागते. अर्ज करून वर्ष उलटल्याचे अनुभव नवे नाहीत, तेव्हा हा वेळ नियोजनात आधीच धरावा. ‘एकच बेडूक आहे, कोण विचारतो’ असे म्हणणाऱ्या ज्येष्ठाचेही ऐकू नये.

नोकऱ्या कोठे मिळतात आणि पगार किती असतो?

प्राध्यापकाची कायम जागा मिळाली तर पगार चांगला आहे, पण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांमध्ये अनेक जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर चालवल्या जातात, आणि नेट-सेट झालेली, पीएचडी असलेली माणसे त्या तुटपुंज्या मानधनावर राबतात. ही स्थिती अन्यायाची आहे आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवणे मला योग्य वाटत नाही.

संशोधन संस्थांच्या बाबतीत पुणे-मुंबई पट्टा भाग्यवान आहे: आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, वनस्पती आणि प्राणी सर्वेक्षण संस्थांची पश्चिम विभागीय कार्यालये, मुंबईची हाफकिन संस्था आणि वर्सोव्याची मत्स्यशिक्षण संस्था. नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे, गोव्यात दोनापावला येथे १९६६ पासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. येथे कायम जागा थोड्या आणि प्रकल्पापुरत्या जागा पुष्कळ असतात.

खासगी क्षेत्रात लस आणि औषध कंपन्या, जालन्याकडच्या बियाणे कंपन्या, अन्नपदार्थांच्या व पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळा, एखाद्या प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल हे सांगणारे पर्यावरणीय आघात अहवाल तयार करणाऱ्या सल्लागार संस्था आणि पेटंटचे काम करणारी कार्यालये जीवशास्त्रज्ञांना घेतात. सुरुवातीचा पगार अभियंत्यापेक्षा सहसा कमी असतो. स्पर्धा परीक्षेतून वनसेवा आणि न्यायसहायक प्रयोगशाळा हेही पर्याय आहेत. आघात अहवालांविषयी एक सांगायला हवे: प्रत्यक्ष जागेवर न जाता जुन्या अहवालातली प्रजातींची यादी उतरवून देण्यास सांगितले जाण्याची शक्यता तेथे असते. तसे झाल्यास नकार द्यावा, कारण त्या यादीखाली सही तुमची असते.

परदेशी जावे का?

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, दोन-चार वर्षे बाहेर काढणे उपयोगाचे ठरते, विशेषतः येथे नसलेले एखादे तंत्र शिकायचे असेल तर. केवळ शिक्का हवा म्हणून जाण्याची गरज आता उरलेली नाही.

नवी प्रजाती शोधायची असेल तर?

सह्याद्रीत आजही नवे बेडूक, पाली, खेकडे, कोळी आणि फुलझाडे सापडतात. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. परंतु त्यांना पश्चिम घाटातल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला, जो तोवर केवळ आफ्रिकेत असतो असे समजत, आणि १९१२ मध्ये ती नोंद ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. आपल्या विषयापलीकडेही डोळे उघडे ठेवले की असे होते.

सापडणे हा मात्र कामाचा लहानसा भाग असतो. जवळच्या सर्व ज्ञात प्रजातींचे मूळ नमुने तपासावे लागतात, त्यांतले कित्येक लंडनला किंवा कोलकात्याला असतात. मोजमापे, जनुकीय तुलना, आवाजाच्या किंवा रंगाच्या नोंदी जुळवाव्या लागतात, नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो, आणि मगच नाव प्रसिद्ध करता येते. वनस्पतींचे वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच द्यावे लागे, २०१२ पासून इंग्रजीही चालते. वर्तमानपत्रात आलेल्या फोटोमागे सहसा चार-पाच वर्षे गेलेली असतात.

दुसरी नोकरी करून जीवशास्त्राचा अभ्यास करता येईल का?

निश्चित येईल, आणि त्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८८३ मध्ये मुंबईत ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांतले दोन भारतीय, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन, व्यवसायाने डॉक्टर होते. आज तर ई-बर्ड किंवा आय-नॅचरलिस्ट या निरीक्षणे नोंदवण्याच्या संकेतस्थळांवर केलेली नोंद संशोधकांपर्यंत त्याच दिवशी पोहोचते. महाराष्ट्रातले बँकेतले कर्मचारी, शिक्षक आणि शेतकरी फुलपाखरांवर, कोळ्यांवर, गोगलगाईंवर असे काम करीत आहेत, की त्यांच्या नोंदी संशोधकांना विचारात घ्याव्याच लागतात.

सुरुवात कशी करावी, असे विचारणाऱ्यांना मी घराजवळचे एक झाड निवडायला सांगते: पळस, सावर, बहावा, जे असेल ते. दर रविवारी त्याच वेळी तेथे जावे आणि कळ्या किती, उमललेली फुले किती, जुनी पाने गळाली का, कोवळी फुटली का, कोणते पक्षी आणि कीटक आले, हे लिहावे. एखादा रविवार चुकला तर तारीख घालून ‘गेले नाही’ असे लिहावे. मागाहून आठवून भरू नये. दोन वर्षांच्या अशा नोंदी घेऊन माझ्याकडे आलेल्या कोणाही मुलामुलीला मी आजवर गुणपत्रिका मागितलेली नाही.